पणजी एकाच घरात राहिली, मग तिचे देश इतके कसे?

प्रश्न विचारणाऱ्या भगिनींची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांच्या मुलाने झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहराजवळच्या एका मुलीशी लग्न केले असून, नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ लिहून ठेवावी असे त्यांच्या मनात आहे. सुनेच्या माहेरून पणजीच्या कागदांची पेटी मिळाली. तिच्यात १९०९ सालचा बाप्तिस्म्याचा दाखला ऑस्ट्रियाच्या राजवटीतला, शाळेचे प्रगतिपुस्तक झेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाचे, १९४१ सालचे ओळखपत्र जर्मन आणि झेक अशा दोन भाषांतले, निवृत्तिवेतनाचा कागद समाजवादी प्रजासत्ताकाचा आणि १९९४ सालचा मृत्यूचा दाखला झेक प्रजासत्ताकाचा. पणजी जन्मभर एकाच गावात, एकाच घरात राहिली, असे सून सांगते. मग तक्त्यातील ‘देश’ या रकान्यात काय लिहायचे, आणि झेक देश १९९३ साली जन्मला की तो हजार वर्षांचा आहे, असे त्या विचारतात.

गेली सव्वीस वर्षे मी झेक आणि जर्मन कागदपत्रांची भाषांतरे करते. विवाहनोंदणी, वारसाहक्क, नागरिकत्व अशा कामांसाठी आलेले शेकडो दाखले हाताखालून गेले आहेत आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला नेहमी विचारला जातो. माझ्या मते खरी अडचण रकान्यात आहे. ‘देश’ हा एक शब्द तिथे एकदम तीन गोष्टी विचारतो: माणूस कोणत्या भूमीत जन्मला, त्याच्यावर सत्ता कोणाची होती आणि तो स्वतःला कोणत्या लोकांपैकी मानत होता. पणजीच्या आयुष्यात भूमी तीच राहिली, सत्तेचे नाव सात वेळा बदलले, आणि तिसऱ्या गोष्टीचे उत्तर एकट्या पणजीलाच देता आले असते. झेक कागदांत या गोष्टी वेगळ्या ठेवण्याची पद्धत आहे. ‘ओब्चान्स्त्वी’ म्हणजे नागरिकत्व आणि ‘नारोदनोस्त’ म्हणजे आपण कोणत्या लोकसमूहाचे आहोत ते. आपल्याकडच्या अर्जांत ‘राष्ट्रीयत्व’ म्हणजे नागरिकत्वच असते, त्यामुळे भाषांतरात हे दोन्ही शब्द एकाच रकान्यात कोंबले जातात आणि तिथून घोळ सुरू होतो.

पुढचे विवेचन पणजी झेक बोलणाऱ्या घरातली होती असे धरून केले आहे, हे आधीच स्पष्ट करते. ब्रनोच्या परिसरात जर्मन बोलणारी गावेही होती आणि ज्यू कुटुंबेही होती. घर त्यांपैकी असेल तर १९३९ नंतरची हकिकत पूर्णपणे वेगळी निघेल. दाखल्याच्या भाषेवरून मात्र हे ठरवू नये. आपल्या पेटीतला १९०९ सालचा दाखला ऑस्ट्रियाचा असूनही झेक भाषेत आहे, याचे आपल्याला आश्चर्य वाटले. त्या काळी झेक वस्तीच्या गावात पाद्री झेकमध्येच नोंद करीत असे. उलट १९४१ च्या ओळखपत्रावर जर्मन मजकूर आधी येतो, तो पणजी जर्मन होती म्हणून नव्हे, तर सत्ता जर्मनांची होती म्हणून.

आता भूमीकडे वळते. आजचा झेक देश तीन जुन्या प्रांतांचा मिळून झालेला आहे: पश्चिमेला बोहेमिया, पूर्वेला मोराव्हिया आणि ईशान्येच्या कोपऱ्यात सायलीशियाचा लहानसा तुकडा. आपल्या सुनेचे ब्रनो मोराव्हियात येते. नवव्या शतकात याच मोराव्हियाच्या आसपास महामोराव्हिया नावाचे स्लाव्ह राज्य होते. तेथील राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून ८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ बायझंटाइन साम्राज्यातून आले आणि त्यांनी स्लाव्ह भाषेत धर्मोपदेश सुरू केला. ते राज्य दहाव्या शतकाच्या आरंभी मोडले आणि सत्तेचे केंद्र प्रागकडे, प्शेमिस्ल घराण्याकडे गेले. १२१२ साली, पुढे सम्राट झालेल्या फ्रेडरिक दुसरा याने सुवर्णमुद्रांकित सनदेने बोहेमियाच्या राजाची वंशपरंपरागत राजपदवी मान्य केली. चौदाव्या शतकात चार्ल्स चौथा याने या प्रांतांना ‘बोहेमियाच्या राजमुकुटाच्या भूमी’ असे कायमचे रूप दिले आणि १३४८ साली प्रागमध्ये विद्यापीठ स्थापन केले. राजा कोणत्याही घराण्याचा असो, मुकुट आणि त्याच्या भूमी टिकून राहतात, ही कल्पना इथून पक्की झाली. पुढच्या सर्व भांडणांत झेक नेते याच मुकुटाकडे बोट दाखवत आले आहेत. म्हणून १९९३ की हजार वर्षे, या प्रश्नाला माझे उत्तर असे की आजचे राज्य १९९३ चे आहे, आणि त्याच्या सीमा बहुतांशी या मुकुटाच्या आहेत.

इथे शब्दांचा एक सापळा आहे. झेक भाषेत ‘चेस्की’ हे एकच विशेषण बोहेमियाच्या प्रांताला लागते आणि झेक भाषेलाही लागते. जर्मनमध्ये मात्र ‘ब्योमिश’ म्हणजे बोहेमियाचा आणि ‘चेखिश’ म्हणजे झेक, असे दोन शब्द आहेत. त्यामुळे जुन्या जर्मन कागदात एखाद्या माणसाला ‘ब्योमिश’ म्हटले असेल, तर तो झेकच बोलत होता असे सिद्ध होत नाही. शाळेच्या पुस्तकात वाटाण्याच्या प्रयोगांमुळे आपल्या परिचयाचे झालेले ग्रेगोर मेंडेल ब्रनोच्या मठातले होते. त्यांचा जन्म सायलीशियातला आणि मातृभाषा जर्मन होती. लेखक काफ्का प्रागमध्ये १८८३ साली जन्मले, जर्मनमध्ये लिहीत राहिले, ज्यू होते आणि १९२४ साली वारले तेव्हा झेकोस्लोव्हाकियाचे नागरिक होते. दोघेही त्या भूमीचे होते, यात शंका नाही. त्यांना ‘झेक’ म्हणताना मात्र आपण भूमीविषयी बोलतो आहोत की लोकांविषयी, हे सांगावे लागते. उलट बाजूने, मोराव्हियातील माणसाला तुम्ही ‘चेखी’चे, म्हणजे बोहेमियाचे, असे म्हटलेले अनेकदा खपत नाही. १९९१ च्या जनगणनेत १३ लाखांहून अधिक लोकांनी ‘नारोदनोस्त’च्या रकान्यात झेकऐवजी मोराव्हियन असे लिहिले होते. सुनेच्या घरी याबद्दल काय म्हणतात, ते जरूर विचारावे.

लोकांचा धागा भाषेतून जातो. धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ साली कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले, त्यानंतर त्यांच्या अनुयायांनी सम्राटाच्या फौजांशी वर्षानुवर्षे युद्धे केली आणि या सगळ्यात झेक ही धर्माची, प्रवचनाची आणि भजनांची भाषा झाली. १५७९ ते १५९४ या काळात ब्रनोपासून फार दूर नसलेल्या क्रालित्से गावी सहा भागांत झेक बायबल छापले गेले. ही भाषा पुढे दोनशे वर्षांनी किती उपयोगी पडणार आहे, याची कल्पना तेव्हा कोणाला नसावी. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागच्या शिवेवर, पांढऱ्या टेकडीच्या लढाईत, बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचा पराभव झाला. पुढच्या जून महिन्यात प्रागच्या जुन्या चौकात २७ जणांना मृत्युदंड दिला गेला. १६२७ साली बोहेमियाला आणि पुढच्या वर्षी मोराव्हियाला ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याने नवे कायदे लागू केले: राजपद हाब्सबुर्गांकडे वंशपरंपरेने, धर्म फक्त कॅथलिक आणि जर्मन भाषा झेकच्या बरोबरीने. प्रॉटेस्टंट कुटुंबे देश सोडून गेली. शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस त्यांतलेच, ते हॉलंडमध्ये वारले.

झेक लोक याला ‘अंधारयुग’ म्हणत आले आहेत. हा शब्द मी जपून वापरते, कारण याच काळातील गावोगावच्या नोंदवह्या मी वाचल्या आहेत. वरच्या वर्गाची आणि कारभाराची भाषा जर्मन होत गेली हे खरे, पण खेड्यातला पाद्री, कुळे, गिरणीवाला आणि सुईण यांची भाषा झेकच होती आणि ती नावांच्या उच्चारांतून, व्यवसायांच्या शब्दांतून पानापानावर दिसते. राज्य गेले तरी लोक गेले नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दोब्रोव्स्की, युंगमान, पालात्स्की या मंडळींनी व्याकरण, शब्दकोश आणि इतिहास लिहून या भाषेला पुन्हा विद्येच्या आसनावर बसवले आणि त्यासाठी क्रालित्सेच्या बायबलाचा आदर्श हाताशी होता. प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह लोकवर्गणीतून उभे राहिले, १८८१ साली आगीत जळाले आणि पुन्हा वर्गणी काढून १८८३ साली उघडले. तिथल्या रंगमंचाच्या वर ‘राष्ट्राने स्वतःला’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. त्या वेळी झेक राज्य नावाची वस्तू नकाशावर नव्हती, हे लक्षात घेतले की त्या शब्दांचे वजन कळते.

मात्र भाषा हीच ओळख ठरली की प्रत्येकाला एक बाजू निवडावी लागते. १८८० पासून ऑस्ट्रियाच्या जनगणनेत ‘रोजच्या व्यवहाराची भाषा’ विचारली जाऊ लागली. मोराव्हियात १९०५ साली झालेल्या तडजोडीने मतदारांच्या झेक आणि जर्मन अशा दोन स्वतंत्र याद्या करण्यात आल्या आणि प्रत्येक मतदाराचे नाव एका यादीत घालणे भाग झाले. ज्या घरात आजी एक भाषा बोलते आणि सून दुसरी, त्या घराने काय करावे? पणजी जन्मली तेव्हा तिच्या गावात हीच निवड चालू होती.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमध्ये झेकोस्लोव्हाकियाची घोषणा झाली. मासारिक, बेनेश आणि श्तेफानिक या नेत्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशात राहून त्यासाठी पाठिंबा मिळवला होता. या राज्याचा पाया समजून घेतला तर पुढची पंचाहत्तर वर्षे समजतात. पश्चिमेकडे झेक नेत्यांनी ऐतिहासिक हक्क मांडला: बोहेमिया-मोराव्हियाच्या जुन्या सीमा आमच्या आहेत, मग डोंगराळ सीमाभागात जर्मन राहत असले तरी चालेल. पूर्वेकडे त्यांनी नेमका उलटा हक्क मांडला: स्लोव्हाकिया हजार वर्षे हंगेरीच्या राजमुकुटाखाली असला तरी तेथील लोक भाषेने आपले आहेत, म्हणून तो प्रदेश आपला. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी सबळ होते, पण एका राज्यात ते एकमेकांना छेद देत होते. १९२१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३६ लाख लोकसंख्येत ३१ लाखांहून अधिक जर्मन होते, म्हणजे स्लोव्हाकांपेक्षाही जास्त. बहुसंख्या दिसावी म्हणून झेक आणि स्लोव्हाक यांना मिळून ‘झेकोस्लोव्हाक’ असे एकच राष्ट्र नोंदवले गेले. स्लोव्हाकांना तेव्हापासून ते खटकत राहिले. तरीही मध्य युरोपात इतरत्र हुकूमशहा आले, तेव्हा इथे संसदीय लोकशाही टिकली, याचे मला आजही मोल वाटते. नव्या देशाची खबर मुंबईलाही लवकरच लागली. १९२० साली तिथे झेकोस्लोव्हाकियाचा वाणिज्य दूतावास आला आणि भारतविद्येचे अभ्यासक ओटाकार पेर्टोल्ड तिथले पहिले वाणिज्यदूत होते.

राज्य बदलते म्हणजे घरातल्या माणसाला नेमके काय दिसते, हे मला एका नोटेवर समजले. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या कागदांत ऑस्ट्रिया-हंगेरीची जुनी नोट निघाली. तिच्या कोपऱ्यात लहानसे मुद्रांक-तिकीट चिकटवलेले होते. १९१९ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यात अर्थमंत्री राशीन यांनी सीमा बंद करवून देशातल्या जुन्या नोटांवर अशी तिकिटे लावायला सांगितली. तिकीट असलेली नोट झेकोस्लोव्हाक झाली आणि नसलेली परकी. जमा केलेल्या रकमेचा निम्मा भाग सरकारने सक्तीचे कर्ज म्हणून ठेवूनही घेतला. सम्राटाच्या चलनावर बोटाएवढे तिकीट चिकटले आणि देश बदलला. १९९३ च्या फेब्रुवारीत झेक आणि स्लोव्हाक चलने वेगळी झाली, तेव्हाही अगदी हीच युक्ती केली गेली. पणजीने दोन्ही तिकिटे पाहिली असणार, पहिले नऊ-दहा वर्षांची असताना आणि दुसरे चौऱ्याऐंशीच्या आसपास.

१९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी झेकोस्लोव्हाकियाला चर्चेत न घेताच सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. जो भाषेचा युक्तिवाद पूर्वेकडे उपयोगी पडला होता, तोच पश्चिमेकडे त्यांच्यावर उलटवला गेला. उरलेल्या देशाच्या नावात संयोगचिन्ह आले, ‘झेको-स्लोव्हाकिया’. ते राज्य सहा महिनेही टिकले नाही. १४ मार्च १९३९ रोजी स्लोव्हाकिया वेगळा झाला, १५ तारखेला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि १६ तारखेला ‘बोहेमिया आणि मोराव्हियाचे संरक्षित राज्य’ जाहीर झाले. पणजीचे १९४१ चे ओळखपत्र या राज्याचे आहे. झेक माणूस त्यात संरक्षित राज्याचा प्रजाजन होता, जर्मन राइशचा, म्हणजे हिटलरच्या जर्मन राज्याचा, पूर्ण नागरिक नव्हता. झेक विद्यापीठे १७ नोव्हेंबर १९३९ ला बंद केली गेली. जून १९४२ मध्ये नाझींनी लिदित्से गाव नकाशावरून पुसून टाकले. बोहेमिया आणि मोराव्हियातील सुमारे ८० हजार ज्यू मारले गेले. त्यांची नावे प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर ओळीने लिहिलेली आहेत.

युद्धानंतर सुमारे तीस लाख जर्मनांना देशाबाहेर घालवण्यात आले. ब्रनोतून १९४५ च्या मे महिन्याच्या शेवटी २० हजारांहून अधिक जर्मनांना, ज्यांत बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध होते, पायी ऑस्ट्रियाच्या सीमेकडे हाकलले गेले आणि वाटेत अनेकांचा अंत झाला. ब्रनो नगरपालिकेने २०१५ साली याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. सुनेच्या घरी हा विषय निघालाच, तर घाईने मत देऊ नये, एवढे मी अनुभवाने सांगते. सहा वर्षांच्या जाचाची आणि या हाकलण्याची आठवण अनेक घरांत एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी असते.

पुढचा भाग थोडक्यात सांगते, कारण कागद वाचायला तो सोपा आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. १९४९ च्या आरंभी मोराव्हिया हा कारभाराचा घटक म्हणून रद्द झाला, म्हणजे जुनी भूमीसुद्धा कागदावरून गेली. १९६० साली नावात ‘समाजवादी’ शब्द आला. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आले आणि सुधारणांचा काळ संपला, मात्र झेक आणि स्लोव्हाक अशी दोन घटकराज्ये करण्याची योजना तेवढी टिकली आणि १ जानेवारी १९६९ पासून अमलात आली. १९८९ च्या नोव्हेंबरात राजवट कोसळली. १९९० साली पुन्हा संयोगचिन्हावरून वाद झाला आणि ‘झेक आणि स्लोव्हाक संघराज्यीय प्रजासत्ताक’ हे लांबलचक नाव निघाले.

फाळणीच्या वाटाघाटी आपल्या सुनेच्या ब्रनोमध्येच झाल्या. ऑगस्ट १९९२ मध्ये झेक आणि स्लोव्हाक घटकराज्यांचे क्लाउस आणि मेचियार हे दोन पंतप्रधान तुगेंडहाट बंगल्यात बसले आणि तारीख ठरली. तो बंगला १९३० साली एका जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबाने बांधून घेतला होता आणि ते कुटुंब १९३८ साली देश सोडून गेले होते. सार्वमत झाले नाही, रक्तही सांडले नाही. १ जानेवारी १९९३ रोजी दोन्ही देश ज्या रेषेवर वेगळे झाले, ती रेषा म्हणजे मोराव्हिया आणि जुन्या हंगेरी राज्याची शेकडो वर्षांची सीमा होती. नवी आखणी करावी लागली नाही, म्हणूनही ही फाळणी सुकर झाली असे मला वाटते.

आता तक्ता. ‘देश’ हा रकाना काढून त्याऐवजी चार रकाने करावेत. पहिल्यात गाव आणि घर क्रमांक. दुसऱ्यात भूमी: पणजीसाठी ‘मोराव्हिया’. तिसऱ्यात त्या त्या घटनेच्या दिवशीचे राज्य: जन्मासमोर ‘ऑस्ट्रिया-हंगेरी’, मृत्यूसमोर ‘झेक प्रजासत्ताक’, आणि लग्नाची तारीख पाहून मधले काय ते. १५ मार्च १९३९ च्या आगेमागे लग्न असेल, तर तारीख दोनदा तपासावी. चौथ्या रकान्यात भाषा किंवा लोकसमूह लिहावा, पण तो कागदात स्पष्ट नोंदवलेला असेल किंवा घरच्यांनी सांगितला असेल तरच. अंदाजाने भरू नये. पणजीच्या आईवडिलांच्या शोधासाठी ब्रनोच्या मोराव्हियन प्रांतिक दप्तरखान्याने जुन्या नोंदवह्या संगणकावर पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत. जन्माच्या वहीतील शेवटच्या नोंदीला शंभर वर्षे झाली की वही दप्तरखान्याकडे जाते, त्याआधी ती स्थानिक नोंदणी कार्यालयात असते.

वही उघडलीत की नावाआधी घर क्रमांक शोधा. ही घरे १७७० च्या सुमारास सैन्यभरतीच्या मोजणीसाठी क्रमांकित झाली आणि १७८४ पासून नोंदवह्यांत त्या क्रमांकाचा स्वतंत्र रकाना आला. आधी पाने लॅटिनमध्ये, मग जर्मन वळणाच्या जुन्या लिपीत, मग झेकमध्ये अशी बदलत जातात, आडनावाचे लेखन तीन-चार तऱ्हांनी होते, पण घराचा आकडा बहुधा तोच राहतो. सुनेला सांगून माहेरच्या दारावरच्या पाटीचा फोटो मागवून घ्या. त्यावरचा आकडा आणि १९०९ च्या दाखल्यातला आकडा जुळला, तर त्याच आकड्याच्या मागे मागे जात पणजीच्या पणजीपर्यंत पोहोचता येईल.